म्हातारीला पाणी कोण आणतंय

डोंगरात, रानात चालत जाणाऱ्या माणसांचा कुठलाही पिक्चर लागला की मी आधी त्यांचे बूट बघते. नातू आता मोबाइलवर असलं खूप काही दाखवतो. कोणी एकटाच बर्फातून चाललेला असतो, कोणी बाई पाठीवर सगळं बिऱ्हाड बांधून महिनोन्महिने जंगल तुडवत असते. नातू म्हणतो, आजी, मागचा डोंगर बघ ना, कसला भारी आहे. मी म्हणते, थांब रे, मला बूट बघू दे. माणूस घरातून निघालंय की घरी पोचलंय हे चेहऱ्यावरून कळेलच असं नाही, बुटांवरून कळतं. ही विद्या मला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका चोरीतून मिळाली. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि त्यांची पेन्शनही त्यांच्याबरोबरच बंद झाली. तेव्हा ती चोरी लिहून ठेवायला आता हरकत नाही.

दादा नांदेडला सरकारी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होते. गावोगाव जायचं, पांढरा पडदा बांधायचा, मशीन लावायची आणि विहीर कशी खोल करावी, लेकरांना लस कधी टोचावी याचे पिक्चर दाखवायचे, हे त्यांचं काम. मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळं नवं पाहिजे होतं, मिळालं मात्र जुनं. आजूबाजूच्या कचेऱ्यांनी आपल्याकडचं नको असलेलं तेवढं काढून इकडे पाठवलं. डुगडुगणाऱ्या खुर्च्या, किल्ली हरवलेलं कपाट, आणि साहेबाला तोंडावर उत्तर देणारे आमचे दादा. बदलीचा कागद आला तेव्हा माय धर्माबादहून आणलेल्या मिरच्यांची देठं काढत बसली होती. ती देठं काढतच राहिली, आणि शेवटी म्हणाली की मिरच्या मात्र मी सगळ्या संगं घेणार.

लातुरात खोली मिळायला पंधरा दिवस लागले. घरमालक आधी प्रेमाने बोलायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग त्यांना अचानक आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवलीय. शेवटी मिळाल्या त्या दोन खोल्यांत मायने बुद्धाची तसबीर लावली, चूल मांडली, आणि बाकीचं सामान पोत्यांतच ठेवलं. आज ना उद्या परत नांदेडला जायचंय, कशाला सोडायचं, असं तिचं म्हणणं. दोन वर्षं आम्ही पोत्यांना टेकून जेवलो. माझ्या थोरल्या बहिणीला नांदेडलाच दिलेलं होतं, त्यामुळे मायचा जीव गोदावरीपाशी, दादांचा गाडीत, आणि माझा कुठेच नाही. कॉलेजातून यायचं, भाकरी खायची, आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायच्या. हिच्या पायाला भिंगरी हाय, असं माय म्हणायची. अंगात सतत काहीतरी वळवळत असायचं. बाहेर रस्त्यावर एसटी गिअर बदलायची तो आवाज ऐकला तरी मला उठून उभं राहावंसं वाटायचं.

त्यात दुष्काळ. नळ आधी आठवड्याने यायचा, मग यायचाच बंद झाला आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला. होळीच्या सुमारास त्या गर्दीत माय पडली. तिचं उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. त्या हाताने तिला भाकरी थापता यायची, पण कळशी उचलता यायची नाही. म्हणून पाणी माझ्याकडे आलं. सकाळी दोन खेपा, दुपारी टँकर आला तर आणखी दोन, डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी. रांगेत हंडा उचलून पुढे ठेवायचा नाही, पायाने सरकवायचा, अशी पद्धत होती. पितळ दगडावर घासत जायचं त्याचा आवाज मला अजून दातांत ऐकू येतो. जेवणाला ज्वारीची भाकर आणि धर्माबादच्या मिरच्यांचा भुरका, म्हणजे तेलात परतलेलं तिखट. ताटं धुवायला पाणी नको म्हणून भुरका भाकरीवरच घ्यायचा, आणि शेवटी भाकरीच्या तुकड्याने बोटंसुद्धा पुसून खायची. इतकं चवदार जेवण पुढे कधी जेवले नाही असं लोक आठवणींत लिहितात. मी लिहिणार नाही. भुरका तिखट होता आणि वरून प्यायला पाणी मोजकं होतं.

तो पिक्चर आम्ही लातुरात आलो तेव्हापासूनचा. वाटणीत आलेल्या फिल्मच्या डब्यांत एक डबा असा होता की तो कोणी मागवला, कशासाठी, कोणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या तासाचा परदेशी पिक्चर. भाषा इंग्रजी नव्हती, एवढंच कळायचं. मायच्याच वयाची एक बाई पाठीवर मोठी पिशवी घेऊन एकटी डोंगरातून चाललेली. जंगल, ओढे, दगडांचे कडे, मग बर्फ. दुसरं कोणी नाही, गाणं नाही, मारामारी नाही. दादांनी त्याचा आवाज बंद केला आणि माइक हातात घेऊन स्वतःच त्याची गोष्ट सांगायला लागले. सरकारी पिक्चर आधी दाखवायचे, आणि कडू औषधावर गूळ द्यावा तसा हा शेवटी. दादांची सुरुवात ठरलेली असायची, 'ही बाई निघाली माहेराला.' गाडी चुकली म्हणून पायी निघाली, मायचा सांगावा आलाय, पिशवीत मायसाठी लुगडं आहे. ओढा आला की बाई वाकून पाणी प्यायची आणि बघणाऱ्यांतून एकच सुस्कारा निघायचा. आणि सगळ्यात शेवटी लाकडाचं एक घर, दारात एक म्हातारी, आणि दोघींची गळाभेट. तिथे दादा माइक खाली ठेवायचे. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कुणीतरी म्हणायचं, पोचली गं माय.

त्या उन्हाळ्यात मी दादांबरोबर जायला लागले, कारण मदतनिसाची जागा भरलेली नव्हती आणि मला सुट्टी होती. खेळ भर दुपारी व्हायचे. अंधार पडल्यावर बायका विहिरीच्या झऱ्यापाशी वाटीवाटीने पाणी भरत बसलेल्या असायच्या, पडदा बघायला कोण येणार? म्हणून रोजगार हमीच्या कामावर दुपारी सुट्टी झाली की जवळच्या एखाद्या गोदामात खेळ करायचा. धान्य नव्हतंच, गोदामं रिकामीच होती. खिडक्यांना पोती लावायची, दारं ओढून घ्यायची. आत घामाची आणि मातीची उष्ण वाफ कोंडायची. पडदा बांधणं, पोती लावणं आणि खेळ झाला की रीळ हाताने उलटं गुंडाळणं ही माझी कामं. तो पिक्चर मी पंचवीस-तीस वेळा तरी बघितला असेल. त्या बाईला तहान लागायची तेव्हा मलाही लागायची. पण मला तिचं माहेर नको होतं, तिची वाट पाहिजे होती.

आणि ती वाट खरंच समोर आली. आमच्या कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनी हिमालयातल्या एका शिबिरासाठी मुली निवडायच्या ठरवल्या. महिनाभर डोंगरात चालायचं, चढायचं शिकवणार होते. चाचणी म्हणजे पाठीवर वाळूची पिशवी घेऊन मैदानाला दहा फेऱ्या. चांगल्या घरच्या मुली तिसऱ्या-चौथ्या फेरीला बसल्या. मी दहा फेऱ्या करून विचारलं की अजून करू का. मॅडम म्हणाल्या, तू कुठे शिकलीस हे? मी म्हटलं, टँकरवर. पालकांच्या सहीचा कागद घेऊन मी घरी पळतच आले. दादांनी तो वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, बघू. माय म्हणाली, 'डोंगरात काय हाय? धोंडेच हायत न्हवं? ते तर हितं बी लई हायत.' आठ दिवस कागद त्याच खिशात राहिला. शर्ट धुवायला पाणी नव्हतं म्हणून तो वाचला. मी गेले तर पाणी कोण भरणार, हा प्रश्न घरात पोत्यांसारखा पडून होता आणि आम्ही तिघंही त्याला वळसा घालून चालत होतो.

नवव्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात मी रीळ गुंडाळत होते. रीळ बोटांच्या चिमटीतून सोडत गुंडाळायचं असतं, म्हणजे कुठे फाटलं असेल तर बोटाला कळतं. शेवटाजवळ बोटाला एक जोड लागला. जोड नेहमीच असतात, हाही आधी लागला असेल, पण हा दादांच्या हातचा आहे हे त्या दिवशी कळलं. ते जोडाला फिल्म चिकटवायचं औषध जरा जास्तच लावतात, त्याचा तपकिरी डाग राहतो. जोडाच्या पुढे घर आणि म्हातारी. मी फिल्म उजेडाकडे धरली. माझं लक्ष बाईच्या बुटांकडे का गेलं ते मला अजून सांगता येत नाही. बर्फातून येणाऱ्या बाईचे बूट फाटलेले होते, एकाला दोरी बांधलेली होती. आणि माहेरच्या दारात तिचे बूट कोरे, नाडीसुद्धा पांढरीशुभ्र. कापलेलं काही उरलंय का ते मी शोधायला लागले. दादांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी, ब्लेडच्या पाकिटाखाली, कागदात गुंडाळलेला फिल्मचा एक तुकडा सापडला. त्यात तेच घर, तीच म्हातारी, आणि पाठमोरी चाललेली बाई. ती भेट पोचल्याची नव्हतीच, निघतानाची होती. पिक्चरच्या सुरुवातीचा प्रसंग दादांनी कापून शेवटी नेऊन चिकटवला होता आणि ती पाठ फिरवून जाते तेवढा भाग काढून लपवून ठेवला होता.

सरकारी रीळ कापणं म्हणजे नोकरीवर बेतणारी गोष्ट, पण माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मला आला तो राग. ज्या माणसाने पडद्यावरच्या बाईलासुद्धा घराबाहेर पडू दिलं नाही, तो मला काय सोडणार? दादा साहेबाकडे गेले होते. मी ब्लेड घेतलं, त्यांचा जोड सोडवला, म्हातारीचा प्रसंग परत सुरुवातीला लावला आणि त्याला तो लपवलेला तुकडा जोडला. उग्र वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळं औषधामुळेच होतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी खेळ निलंग्याच्या वाटेवरच्या एका गावात होता. दादांचा घसा धुळीने आठवडाभर बसलेला होता. सरकारी पिक्चर कसेबसे संपवून त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि हाताने खूण केली, आज तू बोल. गोदामात साठ-सत्तर बाया दाटीने बसलेल्या, टोपली मांडीवर घेऊन. मशीनची टकटक सुरू झाली आणि पडद्यावर पहिल्याच झटक्याला म्हातारी आली. मी पडद्याकडे नाही, दादांकडे बघत होते. त्यांचा हात बटनावर गेला. तिथेच थांबला. मी म्हटलं, ही बाई घरातून निघाली. गळाभेट झाली, बाई वळली, आणि पाठमोरी चालायला लागली. म्हातारी दारात लहान लहान होत गेली. मी सांगितलं की ती माहेरी चाललेली नाही, सासरीही नाही, तिला नुसतं चालायचंय म्हणून चाललीय. गोदामभर हसू पसरलं. खडी फोडून आलेल्या बाया त्या, उन्हातून तीन मैल चालून कामावर यायच्या. कुणी म्हणालं, येडीच दिसती.

सगळ्यात पुढे एक थोराड बाई बसली होती, हाताला फडकं बांधलेली. ती हसली नाही. पडद्यावरची बाई जंगलात शिरली, पहिला ओढा आला, वाकून पाणी प्यायली, तेव्हा ही पडद्याकडे बोट करून म्हणाली,

'ते समदं खरं. पर मागं ती म्हातारी राहिली न्हवं? तिला पाणी कोण आणतंय?'

माइक चालू होता आणि त्यातून माझा श्वासच तेवढा ऐकू येत होता. आमच्या घरात जे कोणी बोलत नव्हतं ते त्या बाईने साठजणींसमोर विचारलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला मायचं वाकडं मनगट दिसलं आणि वाटलं की दादांनी कापलं तेच बरोबर होतं. दुसरा ओढा आला, पुढच्या त्या बाईने परत विचारलं. आता बाकीच्याही विचारायला लागल्या. तेवढ्यात मागून, मशीनपाशी, बसलेल्या घशाने दादा बोलले.

'तिचा बाप हाय की घरात.'

'आमाला न्हाई दिसला,' बाई म्हणाली.

'आत हाय. फोटोत न्हाई आला. त्यो आणतो पाणी.'

आता मात्र गोदाम खदखदून हसलं. बाप्या माणसानं हंडा घेतलेला कुणी बघितलाय का, असं त्या एकमेकींना विचारायला लागल्या. दादा मशीनच्या उजेडात तसेच उभे होते. हसू थोडं बसू दिलं आणि म्हणाले,

'शिकंल की. एका महिन्याचाच तर सवाल हाय.'

त्यापुढचा पिक्चर मी कसा सांगितला मला आठवत नाही. शेवटी बाई फाटक्या बुटांनी एका उंच कड्यावर उभी राहते आणि वारा सुटलेला असतो, तिथे रीळ संपलं. पोती काढली, ऊन आत आलं. कुठं पोचली म्हणायची मग ही, असं विचारत बाया उठल्या. ती पुढची बाई जाताना माझ्यापाशी थांबली, माझ्या पायांकडे बघितलं, आणि टोपलं उचलून गेली.

परतीच्या वाटेवर दादांनी स्वतःहूनच सांगितलं. उदगीरकडच्या पहिल्या खेळाला त्यांनी तो पिक्चर होता तसाच दाखवला होता. तिथेही बायांनी हाच प्रश्न विचारला होता. डोंगर कोणी बघितलाच नाही, ओढा दिसला की म्हातारीची आठवण काढायच्या. खेळ संपल्यावर एक म्हातारी तर त्यांच्यावरच चिडली, असली चित्रं कामून दाखवता म्हणून. मग त्यांना वाटलं, दुष्काळात कुणी तरी घरी पोचलेलं दाखवावं. 'दोन वर्सं मी तिला पोचवून राहिलो,' ते म्हणाले. 'सवय लागली.' मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, खिशातून कागद काढला आणि बॉनेटवर ठेवून सही केली. पत्रा इतका तापला होता की ते एका हाताने कागद धरायचे, भाजला की सोडायचे, परत धरायचे. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, 'जोड जाड झालाय तुझा. मशीनमधी अडकंल. उद्या घासून घे.' माझ्या चोरीबद्दल ते आयुष्यात एवढंच बोलले. त्यांच्या चोरीबद्दल मी कधी काही बोलले नाही. ते रीळ पुढे मात्र तसंच राहिलं, बाई निघायची आणि निघूनच जायची.

माय चिडली. माझ्यावर नाही, दादांवर. नवरा माणूस रांगेत उभा राहणार, गल्ली काय म्हणंल, असं म्हणत तिने दोन दिवस तोंड फिरवलं. दादांनी रात्रीचं जेवण झालं की रिकामा हंडा डोक्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारायला सुरुवात केली. तो दर वेळी पोत्यांना अडून पडायचा. तिसऱ्या दिवशी मायला हसू आलं, आणि तिने त्यांना चुंबळ कशी करायची ते दाखवलं, फडक्याला पीळ कसा द्यायचा, मान कुठे ताठ ठेवायची. आणि चौथ्या दिवशी मी कॉलेजात सहीचा कागद देऊन आले तर पोती सोडलेली होती. फळीवर भांडी लागली होती. माणसाला फेऱ्या मारायला जागा नको का, एवढंच ती म्हणाली.

निघायच्या दिवशी मायने धपाटे बांधून दिले. मॅडमनी कुठून तरी मिळवलेले कॅनव्हासचे बूट माझ्या पायात होते, कोरे, पांढऱ्या नाडीचे. घरात ते घालून हिंडू नको, असं माय दोनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिने स्वतःच खाली बसून, डाव्या हाताने, नाडी घट्ट केली. दादा मला स्टँडवर सोडायला येणार होते. पण आम्ही उंबऱ्यात असतानाच टँकरचा हॉर्न वाजला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, आणि हंडा उचलला.

एसटी स्टँडवरून निघून आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी खिडकीला तोंड लावून बसले होते. रांगेत पंधरा-वीस लुगडी आणि मधे एक पांढरा शर्ट. मी हाक मारली, पण गाडीच्या आवाजात ती गेली नसेल, कारण त्यांनी वर बघितलं नाही. महिन्याने मी परत आले, फाटक्या बुटांनी, तेव्हा रांगेत त्यांच्या मागे असलेल्या शेजारच्या काकूंनी मला सांगितलं. त्यांनी दादांना विचारलं होतं, पोरगी कुठं गेली म्हणून.

'चालायला,' दादा म्हणाले.

कुठं, कशासाठी, असं काकूंनी आणखी विचारलं, पण तेवढ्यात रांग हलली आणि दादांनी पायाने हंडा पुढे सरकवला.